शिक्के नकोत, दारे हवीत

राज्यातल्या शाळा या आठवड्यात उघडत आहेत. विदर्भातल्या उन्हामुळे तिथली घंटा थोडी उशिरा वाजते; पण महिनाअखेरीपर्यंत गावोगावच्या शाळांची अंगणे पुन्हा भरलेली असतील. नवी पाठ्यपुस्तके, प्रवेशोत्सवाची फुले, पहिलीच्या वर्गाच्या दारात आईचे बोट घट्ट धरून उभी असलेली मुले हे दृश्य दरवर्षीचे आणि दरवर्षी तितकेच आनंदाचे. चौकाचौकांतले दहावीच्या गुणवंतांच्या अभिनंदनाचे फलक मात्र अजून उतरलेले नाहीत. शिकायला निघालेली मुले आणि दहा वर्षांच्या शिकण्याची टक्केवारीत झालेली मोजदाद, दोन्ही एकाच वेळी आपल्यासमोर आहेत. पहिलीतला उत्साह घेऊन आलेल्या मुलाचे या दहा वर्षांत नेमके काय होते, हे विचारण्यासाठी याहून योग्य वेळ नाही.

शाळेचे पहिले काही आठवडे फार मोलाचे असतात. शिक्षक मुलांना ओळखू लागतात आणि मुले शिक्षकांच्या नजरेतून स्वतःला पाहू लागतात. हुशार, मध्यम आणि कच्ची अशी मुलांची वाटणी कुणी कागदावर लिहीत नाही, तरी पावसाळा संपायच्या आत ती साऱ्या वर्गाला ठाऊक झालेली असते. वाचन आणि आकडेमोड ज्यांना लवकर जमली त्यांच्याकडे प्रश्न जातात, जबाबदाऱ्या जातात, कौतुकही जाते. उरलेल्यांपैकी कितीतरी मुले हळूहळू ‘मला डोकंच नाही’ असे म्हणू लागतात. दहा वर्षांच्या मुलाने हे वाक्य खात्रीने उच्चारावे, यासारखे शाळेचे दुसरे अपयश नाही. बुद्धी म्हणजे काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ मानसशास्त्रज्ञांचा नाही. तो प्रत्येक वर्गशिक्षकाचा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली मांडलेला बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धांत याच प्रश्नाला भिडतो. आपल्याकडे हा सिद्धांत गाजला पुष्कळ. शिक्षक प्रशिक्षणांत त्यावर तासिका झाल्या, शाळांच्या माहितीपत्रकांत तो झळकला. पण त्यातले जे टिकाऊ आहे ते वर्गात फारसे पोचले नाही आणि जे घातक ठरू शकते ते मात्र झपाट्याने पसरले. नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर या दोहोंतला फरक स्पष्ट करायला हवा.

बुद्धी मोजण्याची कल्पना मुळात मुलांच्या भल्यासाठी पुढे आली, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर सर्व थरांतली मुले शाळेत येऊ लागली आणि त्यांतल्या कोणाला जादा मदतीची गरज आहे हे कसे ओळखावे, असा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, कधीही न वाढणारी गोष्ट आहे असे मानणाऱ्यांवर बिने यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात कडक टीका केली होती. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचा इशारा त्यांच्याबरोबरच मागे पडला. १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वय आणि प्रत्यक्ष वय यांच्या गुणोत्तराची कल्पना मांडली. १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लुईस टर्मन यांनी बिने यांच्या चाचणीचे अमेरिकी रूप तयार केले. मदतीसाठी तयार झालेले साधन काही वर्षांतच माणसांची प्रतवारी करू लागले. तिकडे इंग्लंडमध्ये चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच सर्व बौद्धिक कामांच्या मुळाशी एकच सामान्य क्षमता असते असे प्रतिपादन केले होते. त्या विचाराने बुद्ध्यांकाच्या या एका आकड्याला शास्त्राचे पाठबळ दिले.

ही परंपरा आपल्याकडेही लवकर आली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बांधली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले आणि बिने-कामत चाचणी आजही मुलांच्या तपासणीसाठी वापरली जाते. अध्ययनात अडचण असलेल्या मुलाला ओळखून त्याला सवलत आणि साहाय्य देण्यासाठी अशा चाचण्यांचा उपयोग होतो, तेव्हा बिने यांचा मूळ हेतूच साधला जातो. सर्वसामान्य मराठी घराला मात्र बुद्धिमत्ता भेटते ती शिष्यवृत्तीच्या परीक्षेत. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी हे त्या परीक्षेचे ठरलेले विषय. संख्यामालिका, विसंगत घटक, आरशातल्या प्रतिमा, सांकेतिक भाषा यांचा महिनोन्‌महिने सराव करून घेतला जातो आणि ते प्रश्न सोडवता येणे म्हणजेच बुद्धी, असे समीकरण नकळत मनात बसते. शिक्षक होण्यासाठीही आता अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. म्हणजे शिकणारा आणि शिकवणारा दोघेही एकाच प्रकारच्या चाळणीतून येतात. त्या चाळणीत मोजली जाणारी तर्कशक्ती महत्त्वाची आहेच. पण मुलात असलेले सारे काही तिच्यात मावत नाही.

गार्डनर या प्रश्नाकडे वळले ते रुग्णालयाच्या वाटेने. पियानोवादनात रमलेला हा तरुण मानसशास्त्रज्ञ हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या संशोधनगटात मुलांमधल्या कलाविकासाचा अभ्यास करत होता. ‘प्रोजेक्ट झीरो’ १९६७ मध्ये तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी सुरू केला होता. दुसरीकडे गार्डनर बॉस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसोबत काम करत होते. वाचा गेलेला माणूस चाल अचूक ओळखतो, गातो. दुसरा अस्खलित बोलतो, पण ओळखीच्या जागी वाट चुकतो, अशा रुग्णांची नोंद मेंदूविज्ञानात आधीपासून होतीच. रशियन संगीतकार विसारिऑन शेबालिन यांचे उदाहरण त्यांत ठळक आहे. पक्षाघाताच्या झटक्यांनंतर त्यांना बोलणे आणि बोललेले समजणे अवघड झाले, पण संगीतरचना थांबली नाही. त्यांची पाचवी सिंफनी या आजारपणानंतरची आहे. क्षमता जर अशा स्वतंत्रपणे जातात आणि स्वतंत्रपणे उरतात, तर त्या सगळ्यांना एकाच सामान्य बुद्धीची रूपे कसे म्हणायचे, असा गार्डनर यांचा प्रश्न होता.

१९७९ मध्ये नेदरलँड्समधल्या बर्नार्ड व्हॅन लिअर फाउंडेशनने मानवी क्षमतांचा धांडोळा घेण्याचे काम हार्वर्डकडे सोपवले. त्यातून ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ हा ग्रंथ सिद्ध झाला. मेंदूविज्ञान, उत्क्रांती, विलक्षण प्रतिभेच्या मुलांचा अभ्यास, निरनिराळ्या संस्कृतींची वर्णने अशा अनेक क्षेत्रांतला पुरावा आठ निकषांवर तपासून गार्डनर यांनी सात बुद्धिमत्ता सांगितल्या: भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, अवकाशीय, शारीरिक-गतिविषयक, आंतरव्यक्तिक म्हणजे इतरांना समजून घेण्याची आणि व्यक्तिअंतर्गत म्हणजे स्वतःला समजून घेण्याची. १९९० च्या दशकात त्यांनी निसर्गविषयक बुद्धिमत्ता आठवी म्हणून जोडली. जीवनाच्या मूलभूत प्रश्नांचा वेध घेणारी नववी असावी का, यावर त्यांनी विचार केला, पण ठाम निर्णय दिला नाही. उदाहरणार्थ, पॅसिफिक महासागरातल्या कॅरोलाइन बेटांपैकी पुलुवात नावाच्या बेटावरचे नाविक होकायंत्राशिवाय, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या आधारे शेकडो मैलांचा प्रवास करत. पाश्चात्त्य बुद्धिमापन चाचणीत ते कदाचित मागे पडतील. पण त्या समुद्रावर त्यांच्या बुद्धीविषयी कुणी शंका घेणार नाही. गार्डनर यांचे म्हणणे असे, की एखाद्या समाजात मोलाचे ठरणारे प्रश्न सोडवता येणे किंवा मोलाच्या गोष्टी घडवता येणे म्हणजे बुद्धी. हा मुलगा किती हुशार आहे, याऐवजी हा मुलगा कशा प्रकारे हुशार आहे, असे विचारायला त्यांनी शिक्षकांना शिकवले.

या सिद्धांतावरचे आक्षेपही तितक्याच स्पष्टपणे मांडले पाहिजेत, कारण शिक्षकांना अर्धी माहिती देणे हा त्यांचा अनादर आहे. बुद्धीत अनेक घटक असतात हे गार्डनर यांच्या आधीही मांडले गेले होते; एल. एल. थर्स्टन यांनी १९३८ मध्ये सात प्राथमिक मानसिक क्षमता सांगितल्या होत्या. गार्डनर यांच्या आठ बुद्धिमत्ता खरोखर एकमेकींपासून स्वतंत्र आहेत काय, हे तपासणारा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषा, तर्क, अवकाशीय जाण यांसारख्या क्षमता एकमेकींशी आणि सामान्य बुद्धीशी बऱ्यापैकी निगडित असल्याचे त्यात दिसले. शारीरिक कौशल्यासारख्या काहींचा संबंध मात्र क्षीण होता. त्याच वर्षी लिन वॉटरहाउस यांनी या सिद्धांताला पुरेसा प्रायोगिक आधार नसल्याचे दाखवून दिले. ज्याला गार्डनर बुद्धिमत्ता म्हणतात त्यातल्या काहींना कौशल्य किंवा गुण म्हणणेच योग्य, असेही अनेक मानसशास्त्रज्ञ म्हणतात. म्हणून, मेंदूत आठ बुद्धींचे आठ कप्पे आहेत, असे शास्त्राने सिद्ध केले आहे, हे प्रशिक्षणांत सर्रास ऐकू येणारे विधान खरे नाही.

मग हा सिद्धांत सोडून द्यावा काय? आमच्या मते नाही. पण त्यातले काय घ्यायचे ते निवडावे लागेल. मुलामुलांच्या क्षमतांत फरक असतो, एकाच मुलाच्या निरनिराळ्या क्षमताही सारख्या नसतात, आणि शाळा त्यांपैकी दोन-तीनच पाहते, मोजते व गौरवते, ही गार्डनर यांची निरीक्षणे खरी आहेत. त्यांना मेंदूविज्ञानाच्या कुठल्याही वादाची बाधा होत नाही. या निरीक्षणांतून शिक्षणाने दोन निष्कर्ष काढले. एक होता मुलांवर नवे शिक्के मारण्याचा, दुसरा प्रत्येक विषयाला अनेक दारे उघडण्याचा. पहिला चुकीचा आणि दुसरा बरोबर, हे ठासून सांगणे आज गरजेचे झाले आहे.

शिक्क्यांचा धोका खरा आहे. हुशार आणि कच्चा या दोन शिक्क्यांच्या जागी आठ शिक्के आले, इतकाच या सिद्धांताचा अर्थ अनेक ठिकाणी घेतला गेला. हा संगीतबुद्धीचा, त्याला गणित कशाला. ही हातांनी काम करणारी, तिला वाचनाचा आग्रह नको. असे बोलणे वरवर सहृदय वाटते. प्रत्यक्षात ते मुलासमोरचे दार बंद करते. त्यातही हे बंद दार कोणाच्या वाट्याला येते ते पाहिले पाहिजे. सुशिक्षित घरातल्या मुलाला वाचता येत नसेल तर पालक अस्वस्थ होतात, उपाय शोधतात. ऊसतोड कामगाराच्या किंवा वीटभट्टीवरच्या मजुराच्या मुलाविषयी मात्र ‘तो हाताने हुशार आहे’ असे म्हणून शाळा आपली जबाबदारी झटकू शकते. ज्या समाजात कामाची वाटणी शतकानुशतके जन्मावरून झाली, तिथे बुद्धीची अशी वाटणी फार सावधपणे हाताळली पाहिजे. ऑस्ट्रेलियात एका राज्यातल्या शैक्षणिक उपक्रमात कोणत्या वांशिक गटाकडे कोणती बुद्धिमत्ता आहे आणि कोणती नाही, याची यादीच दिली गेली होती. तेव्हा गार्डनर यांनी तिथल्या दूरचित्रवाणीवर जाऊन या उपक्रमाचा जाहीर निषेध केला. सिद्धांतकर्त्याने स्वतः घेतलेली ही भूमिका आपल्याकडच्या प्रत्येक प्रशिक्षणवर्गात सांगितली गेली पाहिजे.

याच गोंधळाचे दुसरे रूप म्हणजे अध्ययनशैली. अमुक मूल पाहून शिकणारे, तमुक ऐकून शिकणारे आणि म्हणून प्रत्येकाला त्याच्याच शैलीने शिकवावे, ही कल्पना शिक्षकवर्गात लोकप्रिय आहे. मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने मुले अधिक शिकतात याला पुरेसा पुरावा आढळला नाही. बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली नव्हेत, हे गार्डनर यांनीही २०१३ मध्ये लेख लिहून स्पष्ट केले. तिसरे रूप अधिक चिंताजनक आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाच्या बुद्धिमत्तांचा तक्ता देणाऱ्या चाचण्या हजारो रुपयांना विकल्या जातात, त्यांसाठी काही शाळांत शिबिरेही भरतात आणि त्या तक्त्यांवर गार्डनर यांच्या आठ बुद्धिमत्तांची नावे छापलेली असतात. गार्डनर यांच्या सिद्धांतात बोटांच्या ठशांना कोणतेही स्थान नाही आणि या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही. पाच वर्षांच्या मुलाचे भवितव्य असे ठरवणाऱ्यांना शाळांनी आपल्या आवारात पाऊल ठेवू देऊ नये. पालकांनीही हे पैसे चांगली पुस्तके, रंग, एखादे वाद्य किंवा सहल यांवर खर्च करावेत. त्यातून मूल अधिक कळेल.

आता दुसरा निष्कर्ष. अध्यापनासाठी गार्डनर यांनी स्वतः दोनच गोष्टी सांगितल्या आहेत. प्रत्येक मुलाला जमेल तितके नीट ओळखून त्याला शिकवा. आणि महत्त्वाची प्रत्येक संकल्पना अनेक मार्गांनी शिकवा. विषयाला प्रवेशद्वारे अनेक असतात: गोष्टीतून, आकड्यांतून, मूळ प्रश्नातून, सौंदर्यातून, हाताने करून पाहण्यातून, एकमेकांसोबत काम करण्यातून. पण सर्व दारांतून आत गेल्यावर भेटायचा असतो तो एकच विषय, आणि सर्व मुलांनी पोचायचे असते त्याच समजेपर्यंत. इथे कोणालाच गणितातून किंवा वाचनातून सूट नाही. वाचन, लेखन आणि गणन हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. अनेक दारे हवीत ती या हक्कापर्यंत कोणीही पोचायचे राहू नये म्हणून.

पाचवीतले अपूर्णांक घेऊ. समच्छेद करण्याची रीत पाठ असूनही एक द्वितीयांश आणि दोन चतुर्थांश समान का, हे अनेक मुलांना सांगता येत नाही. हीच गोष्ट कागदाच्या घड्यांत डोळ्यांना दिसते. एका मात्रेत एक, दोन, चार टाळ्या वाजवताना ती कानाला कळते. तबला शिकणाऱ्या मुलीला दुगुण-चौगुण म्हणजे काय हे विचारले तर ती सगळ्या वर्गाला ते करून दाखवू शकते. चार भावंडांत जमिनीचे हिस्से कसे पडतात, हे शेतकऱ्याच्या मुलाने घरी ऐकलेले असते. मैदानावर दोरी आखून तिच्यावर पाव, अर्धा, पाऊण कुठे ते उभे राहून दाखवता येते. शेवटी हे सारे संख्यारेषेवर आणि लेखी उदाहरणात यायलाच हवे. एका दाराशी अडलेले मूल दुसऱ्या दाराने आत येते आणि जे आधीच आत आलेले असते त्याची समज पक्की होते, कारण एखादी गोष्ट अनेक रूपांत मांडता येणे हीच ती समजल्याची खूण आहे. या पद्धतीचा लाभ म्हणूनच मागे पडलेल्या मुलांइतकाच पुढे असलेल्या मुलांनाही होतो.

इतिहास-भूगोलातले उदाहरण १९७२ च्या दुष्काळाचे. पुस्तकातल्या चार ओळी वाचून तो संपतो. पण मुलांनी घरातल्या आजी-आजोबांना त्या वर्षाविषयी विचारले, त्यांच्या आठवणी लिहून काढल्या, तेव्हाची दुष्काळी कामे गावाच्या नकाशावर दाखवली, तालुक्याच्या पर्जन्यमानाचे आकडे आलेखात मांडले, खडी फोडताना बायका काय गात होत्या ते ऐकले, रोजगार हमी योजना कशी आकाराला आली यावर ग्रामसभेचा प्रवेश बसवला, तर तो धडा त्यांचा होतो. लिहिणारे, मोजणारे, रेखाटणारे, गाणारे, माणसांना बोलते करणारे अशा प्रत्येकाला त्यात काम आहे आणि प्रत्येकाच्या कामावाचून दुसऱ्याचे अडते. एरवी गप्प बसणाऱ्या मुलीने चार म्हाताऱ्यांना बोलते केले, हे वर्गाला आणि शिक्षकांना पहिल्यांदा कळते ते अशाच वेळी.

इथे एक सावधगिरी हवी. पाढ्यांना चाल लावली, वर्गात मागे संगीत वाजवले, मुलांना उड्या मारायला लावल्या की बहुविध बुद्धिमत्तांचे अध्यापन झाले, असे नव्हे. असल्या वरवरच्या प्रयोगांवर गार्डनर यांनीच टीका केली आहे. कृती विषयाच्या गाभ्याला नेणारी हवी. मात्रांच्या टाळ्या अपूर्णांकांशी जोडलेल्या आहेत, म्हणून त्या अध्यापन आहेत. प्रत्येक तासाला आठही दारे उघडायची सक्ती केली, तर शिक्षकाची दमछाक होईल आणि धडा हरवेल. एखाद्या अवघड संकल्पनेला दोन-तीन चांगली दारे पुरतात.

हे सारे महाराष्ट्राला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे यांतून त्यांनी शिक्षणाची साधने घडवली. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि कुरणशाळा उभी राहिली. रानातली झाडे, पाखरे, वाटा यांची त्या मुलांना असलेली जाण हा त्यांच्या शिक्षणाचा पाया झाला. गार्डनर यांनी निसर्गविषयक बुद्धिमत्तेला यादीत जागा देण्याच्या कितीतरी आधी या दोघींनी तिला वर्गात जागा दिली होती. १९६२ मध्ये पुण्यात डॉ. आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानाचा आधार घेऊन बुद्धीच्या अनेक घटकांचा मराठी मुलांमध्ये अभ्यास केला. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू करून परिसर, हस्तकला, गाणी आणि संवाद यांतून अभ्यासक्रम शिकवता येतो हे साध्या मराठी शाळेत दाखवून दिले. म्हणून या विचारासाठी हार्वर्डचा दाखला आवश्यक नाही. आपल्याच शिक्षणपरंपरेतल्या या कामाचे पुन्हा वाचन झाले, तरी पुष्कळ होईल.

सगळा भार शिक्षकांवर टाकून मोकळे होणे मात्र अन्यायाचे ठरेल. शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमाने सर्वांगीण विकास आणि कृतीतून शिक्षण यांची हमी दिली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक मुलाच्या खास क्षमता ओळखून त्या वाढवणे हे आपले पहिले तत्त्व सांगितले आहे. पण शिक्षणहक्क कायद्यानेच सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तरच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद केली. खेड्यातल्या छोट्या शाळेतल्या मुलांना चित्र, गाणे आणि खेळ शिकवायला कोण येणार? दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असलेल्या शाळेत मुलाला ओळखायला वेळ कसा मिळणार? जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये, असे कायद्याचे २७ वे कलम म्हणते. माहिती भरण्याच्या, छायाचित्रे पाठवण्याच्या रोजच्या कामांनी त्या कलमाचा अर्थ पोकळ केला आहे. शासनाला बहुविध बुद्धिमत्तांवर आणखी एक प्रशिक्षण घ्यायचे असेल, तर ते घेण्याआधी शिक्षकाला वर्गात पूर्ण वेळ राहू द्यावे. कलाशिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात आणि छोट्या शाळांसाठी केंद्रशाळेच्या पातळीवर फिरते कलाशिक्षक आणि क्रीडाशिक्षक नेमावेत.

मूल्यमापनाचेही तसेच आहे. २०१० मध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले, तेव्हा मुलांच्या वर्णनात्मक नोंदी हा त्याचा गाभा होता. कालांतराने त्या नोंदींची तयार वाक्ये बाजारात मिळू लागली आणि गाभाच हरवला. नव्या समग्र प्रगतिपत्रकाचे तसे होऊ नये. दहावीला कला आणि क्रीडेतल्या प्रावीण्यासाठी वाढीव गुण मिळतात, हे चांगलेच. पण त्यामुळे ही क्षेत्रे टक्केवारीची पुरवणी ठरतात. मुलाला ओळखायचे कसे, याचा एक चांगला धडा गार्डनर आणि डेव्हिड फेल्डमन यांच्या १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट स्पेक्ट्रम’ने दिला. त्यात बालवर्गातल्या मुलांना परीक्षा नव्हती. सुटे करून पुन्हा जोडायची यंत्रे, गोष्ट रचायचे साहित्य, वर्गाची छोटी प्रतिकृती, निसर्गातल्या वस्तू मुलांना देऊन ती काय करतात हे पाहिले गेले. घड्याळ लावलेल्या प्रश्नपत्रिकेत न दिसणारे मूल अशा कामात दिसते. हे पाहायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. बघणारे डोळे आणि लिहून ठेवायची सवय लागते.

म्हणून या जूनमध्ये शिक्षकांना आमची विनंती आहे. दिवाळीच्या सुटीपर्यंत वर्गातल्या प्रत्येक मुलाविषयी एक खरी, स्वतः पाहिलेली गोष्ट लिहून काढा: ते काय चांगले करते, कशात रमते, कशामुळे अडते. तयार वाक्य वापरू नका. महिन्यातून एक अवघड संकल्पना निवडा आणि तिला नेहमीच्या वाटेशिवाय आणखी दोन दारे शोधा. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाशी ती वाटून घ्या. मुलाला वाचता येत नसेल, तर त्याच्या दुसऱ्या गुणाचे कौतुक करून तिथेच थांबू नका. त्या गुणाच्या मदतीने त्याला वाचनापर्यंत आणा. पालकांनी शेजारच्या मुलाचे गुण विचारण्याआधी आपले मूल आज कशात रंगून गेले होते, ते विचारावे. शासनाने शिक्षकाचा वेळ त्याला परत द्यावा.

बुद्धी एक आहे की आठ, यावरचा वाद मानसशास्त्रज्ञ पुढेही घालत राहतील आणि त्यांनी तो जरूर घालावा. शाळेला त्या निकालासाठी थांबायचे कारण नाही. जे मूल अजून शिकलेले नाही त्याला शिकवण्याचा आणखी एक मार्ग शोधणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि तो मार्ग सापडेपर्यंत त्या मुलाला कच्चा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.